एका खोलीचा आजार : खरूज, तिचे निदान आणि अलीकडील संशोधन

वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव परिचित असतो. जुलै महिन्याचा मध्य, पावसाने कोंदट झालेली खोली, दोरीवर न वाळलेले कपडे. रात्री दिवे मालवले जातात आणि थोड्याच वेळात अंधारातून खाजविण्याचा आवाज येऊ लागतो. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या. सकाळी रांगेत हात दाखवायला सांगितले की काही मुले मुठी आवळून उभी राहतात. खरूज झाली आहे हे त्यांना कळलेले असते, आणि ती उघड झाली तर आपले काय होईल, हेही त्यांना कळलेले असते.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु आयुष्यातील बराच काळ मुलांच्या वसतिगृहात गेल्यामुळे हा आजार समजून घेणे भाग पडले. गेल्या काही वर्षांत त्वचारोगांच्या निदानावर आणि उपचारांवर जे संशोधन झाले, त्यात खरजेविषयीचे संशोधन निवासी शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ते शिक्षक, गृहपाल आणि पालक यांच्यापर्यंत पोहोचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मात्र त्या वाचनाकडे मी वळलो तो एका प्रसंगामुळे. तो आधी सांगितला पाहिजे.

सुमारे सत्तावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यातील वसतिगृहात गृहपाल होतो. सहावीतील एका मुलाच्या दोन्ही हातांवर पुटकुळ्या आल्या, काहींत पू झाला. मी त्याचे अंथरूण ओट्यावर घातले, त्याची आंघोळ सर्वांच्या शेवटी ठेवली आणि त्याचे ताट वेगळे केले. ते इतरांत मिसळू नये म्हणून ताटाच्या काठावर खिळ्याने फुलीही मारली. चार दिवसांनी त्याचे वडील न्यायला आले. शेतमजुरी करणारा मनुष्य. त्यांनी ते ताट हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "सर, ह्याचं ताट निराळं हाय का?" मी म्हणालो, "इतर मुलांना लागू नये म्हणून." "बरं," एवढेच म्हणून ते मुलाला घेऊन गेले. त्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा पाठ शिकवीत होतो.

तो मुलगा परत आला नाही. आणि पुढील तीन आठवड्यांत त्याच खोलीतील अकरा मुलांना खरूज झाली.

पहिल्या गोष्टीचे उत्तर माझ्यापाशी नाही. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर मात्र वैद्यकशास्त्रापाशी होते आणि ते त्या वेळीही उपलब्ध होते.

खरूज हा सार्कोप्टिस स्केबिई नावाच्या अतिसूक्ष्म जीवाचा उपद्रव आहे. आपण त्याला किडा म्हणतो, पण त्याला आठ पाय असतात. तो कोळी आणि गोचीड यांच्या गोत्रातील आहे. मादीची लांबी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाहून फारशी अधिक नसते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात बीळ करून राहते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि साधारणपणे महिना-दीड महिना जगते. खाज येते ती या जीवाच्या चावण्यामुळे नव्हे. त्याचे शरीर, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपल्या शरीरात जी प्रतिक्रिया उद्भवते, तिच्यामुळे खाज येते. आणि ही प्रतिक्रिया तयार व्हायला वेळ लागतो. ज्याला पूर्वी कधी खरूज झालेली नाही, त्याला लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. एकदा होऊन गेलेल्याला मात्र पुन्हा लागण झाली तर एक ते तीन दिवसांतच खाज सुटते.

हा चार-सहा आठवड्यांचा अवधी नीट लक्षात घेतला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. ज्या दिवशी मी त्या मुलाला ओट्यावर पाठविले, त्या दिवशी खोलीतील ती अकरा मुले आधीच बाधित होती. फक्त त्यांना खाज सुटलेली नव्हती. ज्याच्या अंगावर आधी दिसली त्याच्यापासूनच ती आली असेही नसते. कदाचित त्या मुलाला ती त्या अकरांपैकीच कोणाकडून लागली असेल. ओट्यावरच्या अंथरुणाने कोणाचेही रक्षण केले नाही.

मग ताटाचे काय? या प्रश्नाचे उत्तर तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मिळाले होते. त्या वेळी ब्रिटनमध्ये सैनिक व नागरिक यांच्यात खरूज फार पसरली होती. ती कपड्यांतून आणि ब्लँकेटांतून पसरते, असा सर्वांचा समज असल्याने ब्लँकेटे निर्जंतुक करण्यावर प्रचंड इंधन आणि श्रम खर्च होत होते. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्ड शहरात याची परीक्षा घेतली. सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे युद्धात भाग घेण्यास नकार देणारे काही तरुण या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आले. खरूज झालेल्या सैनिकांची वापरलेली अंतर्वस्त्रे त्यांनी न धुता घातली, त्यांच्या ब्लँकेटांत ते उघड्या अंगाने झोपले. त्यांतील अगदी थोड्यांनाच खरूज झाली. याउलट बाधित व्यक्तीशी अंगाला अंग लागून, दीर्घकाळ जवळीक झाली की लागण होत असे. मेलनबीने शेकडो रुग्णांच्या अंगावरील किडे मोजलेही. एका रुग्णाच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी अकरा-बारा. एवढ्या थोड्या संख्येतून चादरीवर पडणार किती आणि तेथे जगणार किती! शरीराबाहेर हा जीव साधारणपणे दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरीत नाही. ताट-वाटीचा तर प्रश्नच येत नाही. अपवाद आहे तो खपलीयुक्त खरजेचा. प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण झालेल्या माणसात हा प्रकार होतो. तेव्हा किड्यांची संख्या हजारोंत, कधी त्याहूनही अधिक असते आणि गळून पडलेल्या खपल्यांतूनही लागण होते. असा रुग्ण रुग्णालयातच असला पाहिजे. वसतिगृहातील धडधाकट मुलांत हा प्रकार सहसा दिसत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या आजाराच्या कथेतील आणखी एक भाग विलक्षण वाटतो. खरजेचे कारण किडा आहे, हे १६८७ साली इटलीतील जोव्हान्नी कोझिमो बोनोमो या वैद्याने, चेस्तोनी नावाच्या औषध विक्रेत्याच्या साह्याने, सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवले. त्याला ही कल्पना सुचली कोठून? गरीब बायका आपल्या मुलांच्या खरजेतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढतात, आणि लिव्होर्नो बंदरातील गुलाम एकमेकांसाठी तेच करतात, असे त्याने ऐकले व पाहिले होते. म्हणजे ज्ञान आधी त्यांच्यापाशी होते. विद्वानांनी मात्र बोनोमोचे म्हणणे मानले नाही. खरूज ही शरीरातील दूषित द्रवांमुळे आतून होते, हाच सिद्धान्त पुढे दीडशे वर्षे चालला. अखेर १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सर्व अध्यापकांसमक्ष सुईने जिवंत किडा काढून दाखविला. ही युक्ती तो आपल्या बेटावरील खेड्यांतील बायकांकडून शिकला होता. इतर वैद्य किडा पुटकुळीत शोधीत. बायकांना ठाऊक होते की तो पुटकुळीत नसतो, तिच्यापासून निघणाऱ्या बारीक रेषेच्या टोकाला असतो. दीडशे वर्षे विद्यापीठाने जे नाकारले, ते शेतकरी स्त्रियांच्या बोटांना माहीत होते.

आपल्याकडील जुन्या नोंदीही पाहण्याजोग्या आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना 'थुल्लकच्छ' नावाचा त्वचारोग झाल्याचे वर्णन आहे. जखमांतील लसीमुळे चीवर अंगाला चिकटत असे, आणि भिक्षू ते पाण्याने भिजवून हळूहळू सोडवीत. ते पाहून भगवान बुद्धांनी खाज, फोड, वाहत्या जखमा असलेल्यांसाठी चूर्णाची अनुज्ञा दिली आणि खाजऱ्या अंगावर नेसण्यासाठी एक वेगळे वस्त्रही मान्य केले. त्याच ग्रंथात कुष्ठ, गंड, किलास आदी पाच रोगांनी ग्रस्त माणसाला नव्याने प्रव्रज्या देऊ नये, असाही नियम येतो. मगधात या रोगांची साथ असताना केवळ जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून लोक संघात येऊ लागल्याने तो करावा लागला. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत. सामुदायिक निवासात त्वचारोगाचे काय करायचे, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही सोपा नव्हता. परंतु जो आत आहे त्याचे चीवर भिजवून सोडविणारे हात तेथे होते, ही बाब मला महत्त्वाची वाटते. थुल्लकच्छ म्हणजे आजची खरूजच, असे मी ठामपणे म्हणणार नाही. प्राचीन नावांवरून आधुनिक निदान करण्याचा मोह आवरावा.

आता निदानाकडे वळू. खरजेचे निदान वाटते तितके सोपे नाही. किडा प्रत्यक्ष सापडणे हा पक्का पुरावा; पण अंगावर दहा-बाराच किडे असताना त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तो सापडेलच असे नसते. त्यामुळे कोणी लवकर निदान करी, कोणी उशिरा, आणि एका देशातील आकड्यांची तुलना दुसऱ्या देशातील आकड्यांशी करता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून निदानाचे सामाईक निकष ठरविले. ते २०२० साली सविस्तर प्रसिद्ध झाले. त्यांत तीन पायऱ्या आहेत. किडा, अंडे किंवा विष्ठा उपकरणातून दिसली तर खरूज सिद्ध. उपकरण नसेल, पण बीळ डोळ्यांना दिसले, किंवा पुरुषाच्या जननेंद्रियावर खरजेच्या ठरावीक पुटकुळ्या आढळल्या, किंवा ठरावीक पुटकुळ्या ठरावीक जागी असून खाज आणि खरूज-बाधिताचा निकट सहवास हे दोन्ही असले, तर ते लक्षणांवरून केलेले निदान. आणि यांपैकी काही कमी असेल, तर संशयित. ठरावीक जागा कोणत्या? बोटांमधील बेचकी, मनगट, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, नितंब, जननेंद्रिय. अगदी लहान मुलांत तळहात, तळपाय आणि डोकेसुद्धा.

या निकषांचे मोल असे की त्यांत रुग्णाला विचारलेल्या दोन प्रश्नांना स्थान आहे : तुला खाजते का, आणि तुझ्याजवळ झोपणाऱ्या कोणाला खाजते का? ज्या खोलीत शिक्षेची भीती आहे, तेथे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशीच येतात. मी त्या मुलाला ओट्यावर पाठविल्यानंतर आमच्या वसतिगृहात महिनाभर कोणालाही खाजत नव्हते!

आणखी एक अडचण आपल्यासारख्या सावळ्या माणसांची आहे. त्वचारोगांची पाठ्यपुस्तके प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरून लिहिली गेली. तेथे दाह म्हणजे लाली. आपल्या त्वचेवर हीच लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते आणि पुष्कळदा नजरेतून सुटते. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याला हा दोष जाणवला, आणि त्याने आपल्या अध्यापकांसह २०२० मध्ये काळ्या व सावळ्या त्वचेवरील लक्षणांची सचित्र पुस्तिका तयार केली. छायाचित्रावरून रोग ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींचीही हीच गत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये अशा काही प्रणाली विविध वर्णांच्या त्वचेच्या छायाचित्रांवर तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी घसरल्याचे आढळले. शिकविताना जी त्वचा दाखविलीच नाही, ती यंत्राला ओळखता कशी यावी? तेव्हा मोबाइलवर फोटो काढून निदान विचारण्याची जी सवय आता पालकांतही दिसते, तिच्यावर विसंबू नये. चांगल्या उजेडात, बोटांनी त्वचा ताणून, हाताने चाचपून पाहणे अजूनही अधिक भरवशाचे आहे.

येथे थोडे विषयांतर करून नायट्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण वसतिगृहात खरूज आणि नायटा यांची नेहमी गल्लत होते, आणि दोहोंवर एकच मलम चोळले जाते. नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा रोग. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत तो चिवट झाला आहे. त्याला कारणीभूत असलेल्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. तिचे नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळाले होते. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात दोनशे रुग्णांचे चार गट करून चार औषधांची तुलना झाली. आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोल घेणारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, फ्लुकोनॅझोल घेणारे ४२ टक्के, टर्बिनाफिन घेणारे २८ टक्के आणि जुने ग्रिसिओफुल्विन घेणारे अवघे १४ टक्के. म्हणजे उत्तम औषधानेही तिघांतील एक जण दोन महिन्यांत बरा झाला नाही. रोग असा चिवट होण्यामागे औषध दुकानातून परस्पर मिळणारी मिश्र मलमे हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यांत स्टेरॉइड असते. ते खाज दोन दिवसांत थांबविते, त्वचेची प्रतिक्रिया दडपते आणि बुरशी आतल्या आत पसरते. खरजेवर ते लावले तरी तेच होते : पुटकुळ्या मावळतात, रोगाचे रूप बदलते, डॉक्टरांनाही ओळखू येत नाही, आणि किडे मात्र वाढत राहतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली. परंतु तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही दुकानात जाऊन "खाजेचं मलम द्या" म्हणून पाहावे!

खरजेवरील उपचारांच्या संशोधनात ज्या एका प्रयोगाने सर्व दृष्टी पालटली, तो फिजी बेटांवर झाला. तेथील खेड्यांत दर तीन माणसांतील एकाला खरूज होती. संशोधकांनी तीन बेटसमूह निवडले आणि कोठे कोणता उपचार द्यायचा, हे स्वतःच्या मर्जीने न ठरविता यादृच्छिक पद्धतीने ठरविले. पहिल्या ठिकाणी रूढ पद्धत : ज्याला खरूज आहे त्याला व त्याच्या निकटच्या माणसांना पर्मेथ्रिनचे मलम. दुसऱ्या ठिकाणी खरूज असो वा नसो, सर्वांना ते मलम. तिसऱ्या ठिकाणी सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, आणि ज्यांना खरूज होती त्यांना आठ-पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. एकूण दोन हजारांवर माणसे यात सहभागी होती. वर्षानंतर पुन्हा तपासणी झाली. रूढ पद्धतीत खरजेचे प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ वर आले. सर्वांना मलम दिले तेथे ४१.७ वरून १५.८ वर. सर्वांना गोळ्या दिल्या तेथे ३२.१ वरून १.९ वर. हे निष्कर्ष डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सॉलोमन बेटांवर सव्वीस हजारांवर लोकांना अशाच प्रकारे आयव्हरमेक्टिन आणि त्याबरोबर एक प्रतिजैविक देण्यात आले. तेथेही वर्षभरात खरूज १८.७ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरली.

या आकड्यांवर थोडे थांबावे. सर्वांना मलम आणि सर्वांना गोळी, या दोहोंत एवढा फरक का पडावा? मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, जननेंद्रियावर, कोठेही जागा न सोडता लावून आठ ते चौदा तास ठेवावे लागते. ते कागदावर सोपे आहे. एका खोलीत तीस मुले, एक नळ, पाठीला मलम लावायला दुसऱ्याचा हात हवा आणि मुलांना लाज वाटते. तेथे ते अर्धवट होते. गोळी डोळ्यांदेखत गिळली जाते. औषधाच्या गुणाइतकेच ते घेण्याच्या परिस्थितीलाही महत्त्व असते, हे या प्रयोगाने दाखविले. त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. गोळ्यांच्या गटात पुवाळलेल्या फोडांचे प्रमाणही दोनतृतीयांशाने घटले, जरी त्यासाठी सर्वांना वेगळे प्रतिजैविक वाटलेले नव्हते. खाजविल्याने त्वचा फाटते, तेथे जंतू शिरतात, पू होतो. आणि त्यातील एका जातीच्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजलेले, लघवी लालसर झालेले मूल दवाखान्यात येते तेव्हा त्याचे मूळ महिनाभरापूर्वीच्या खरजेत आहे, हे कोणाच्या ध्यानातही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला, तो उगाच नव्हे. जगात कोणत्याही क्षणी वीस कोटींहून अधिक लोकांना खरूज असते, असा तिचा अंदाज आहे.

आयव्हरमेक्टिनची कथाही ऐकण्याजोगी आहे. जपानच्या कावाना गावाजवळील मातीच्या एका नमुन्यातील जीवाणूपासून ते निघाले; सातोशी ओमुरा यांनी तो जीवाणू शोधला आणि विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा औषधी गुण. आधी ते जनावरांसाठी वापरले गेले, मग माणसांसाठी. दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोविडच्या काळात याच गोळ्या आपल्याकडे घरोघरी घेतल्या गेल्या; पुढे मोठ्या चाचण्यांत त्या आजारावर त्यांचा उपयोग आढळला नाही. एका रोगावर सिद्ध झालेले औषध दुसऱ्या रोगावरही चालेल, हे चाचणीशिवाय कोणी म्हणू नये. ही गोळी किड्याला मारते पण अंड्याला मारीत नाही, म्हणून खरूज असलेल्याला एक-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिली जात नाही. ती वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाची, हे पुन्हा सांगतो.

पर्मेथ्रिनविषयी मात्र अलीकडे चिंता वाटू लागली आहे. ऑस्ट्रियातील एका चाचणीत रुग्णांचे दोन गट करून एकाला पर्मेथ्रिन व दुसऱ्याला बेन्झिल बेन्झोएट दिले. पहिल्या गटात २७ टक्के बरे झाले, दुसऱ्यात ८७ टक्के. हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण बेन्झिल बेन्झोएट म्हणजे आपल्या लहानपणीचे ते पांढरे, उग्र वासाचे, फुटलेल्या त्वचेवर आग करणारे औषध. शाळेच्या आरोग्य तपासणीला आलेले कंपाउंडर ते बाटलीतून हातावर ओतीत आणि आम्ही पळून जात असू. मागासलेले म्हणून आपण जे बाजूला सारले, ते पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात उभे आहे. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी आणि करंजाचे तेल यांविषयीही पालक नेहमी विचारतात. त्यांनी त्वचेला आराम पडत असेल. पण संपूर्ण खोलीची खरूज त्यांनी गेल्याचे मी पाहिलेले नाही, आणि तोवर औषध लांबणीवर टाकणे घातक ठरते.

आपल्या वसतिगृहात गेली काही वर्षे आम्ही पुढीलप्रमाणे करतो. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी संपवून मुले परतली की पहिल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावितो. एकाही मुलात खरूज आढळली, तर त्या खोलीतील सर्वांवर एकाच रात्री उपचार होतात. खाज असो वा नसो. स्वयंपाकघरातील मावशी आणि रात्री तेथे झोपणारे कर्मचारी यांनाही त्यांत धरतो. मोठी मुले जोडीने एकमेकांच्या पाठीला मलम लावतात, उरलेले पडद्याआड स्वतः. हात धुतले तर पुन्हा लावायचे, हे विसरले जाते, म्हणून ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी कपडे व चादरी गरम पाण्यात धुतो. ज्या धुता येत नाहीत त्या गोणपाटात बांधून चार दिवस बाजूला ठेवतो. आठव्या रात्री हे सर्व पुन्हा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष त्वचेतच असतात. तेव्हा घाबरून रोज मलम चोळू नये, त्याने त्वचा आणखी चिडते. महिन्यानंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तर मात्र पुन्हा दाखवावे. पालकांना पत्र जाते आणि त्यात मुलाचे नाव नसते, खोलीचा क्रमांक असतो. घरी कोणाला खाज असेल तर त्यांनीही त्याच आठवड्यात औषध घ्यावे, एवढी विनंती असते; ती फार थोडे पालक मानतात, त्यामुळे दिवाळीनंतर आमचे अर्धे काम पुन्हा सुरू होते.

सर्वांसाठी एकदम गोळ्या द्याव्यात की मलमावरच भागवावे, हे आमचे डॉक्टर दरवेळी प्रमाण पाहून ठरवितात. गतवर्षी जुलैमध्ये मलमाची रात्र होती. मीही माझ्या मानेला आणि हातांना लावून बसलो होतो. पाचवीतील एक मुलगा समोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, तुम्हालापण खाजतं का?" मी म्हणालो, "नाही." "मग कशाला लावता?" मी त्याला फिजीची गोष्ट सांगायला घेतली. ते बेट कोठे आहे हे दाखवायला नकाशा हवा होता आणि नकाशा वर्गात होता. तोवर त्याची पाळी आली, आणि तो जाऊन रांगेत उभा राहिला.